आईचं खापर, मडमेची भाकरी

माणसांचा राग सगळ्यांनाच येतो. मला एका भाकरीचा राग आहे. स्वीडन नावाच्या थंड मुलखातली ती भाकरी, कागदाएवढी पातळ, बडीशेपेच्या वासाची. तो देश मी पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही. पण कोणी त्याचं नाव काढलं की माझ्या नाकात धुराटलेल्या चरबीचा वास येतो आणि तळपायाची आग मस्तकात जाते. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. ज्या विहीणबाईपासून लपवायचं होतं ती आता गेली, आणि जिच्यासाठी लपवलं ती माझी मुलगी स्वतः सासू झाली. आता सांगायला हरकत नाही.

धुळ्याला पांझरेच्या पलीकडे, वस्तीबाहेर, धर्म सांगायला आलेल्या परदेशी लोकांचा एक बंगला होता. आमचे हे त्या बंगल्याचा टांगा हाकत. पागेच्या शेजारी आम्हाला दोन खोल्या होत्या. बंगल्यात एक बिनलग्नाची मडम राहायची. उंच, थोराड हाडाची, उन्हाने लाल झालेली. मराठी ती एका शास्त्रीबुवांकडून शिकली होती, त्यामुळे पुस्तक वाचल्यासारखं बोलायची. "बाई, आज ऊन फार प्रखर आहे," असं. बाजारात बायका पदराआड तोंड लपवून हसत. तिला ते कळायचं आणि ती तशीच बोलत राहायची. हट्टीपणात ती मला भारी होती, हे मी कबूल करते.

माझं माहेर यावलकडचं. माझी आई मांडे करण्यात पंचक्रोशीत नावाजलेली होती. मांडा म्हणजे पुरण भरून दोन्ही हातांवर वाढवत न्यायची मोठी पोळी. पार कोपरापर्यंत येते, आणि मग ती चुलीवर उपड्या घातलेल्या खापरावर अलगद टाकायची. मनातले मांडे सगळेच खातात, हातावरचे थोड्यांनाच जमतात. मला जमायचे. लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा आईने आपलं खापर मला दिलं. बैलगाडीत ते मी मांडीवर घेऊन बसले होते, आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे वाटभर पाहिलंसुद्धा नाही.

त्या खापराच्या काठाला एक टवका उडालेला होता आणि आईने कडेने तार बांधून घेतली होती. खापराला तेल लावायचं नाही, पाणी घालून घासायचं नाही, नुसतं कोरड्या फडक्याने पुसायचं. वर्षानुवर्षांच्या आचेने ते आपणच गुळगुळीत होतं. आईने खापर देताना आणखी एक सांगितलं होतं. तांब्या-पितळेचं भांडं बाटलं तर अग्नीत घालून शुद्ध करता येतं. मातीचं बाटलं तर फोडायचं. माती सगळं पिऊन घेते, तिच्यातून काही निघत नाही.

धुळ्यात हळूहळू लोक मला लग्नात मांडे करायला बोलवू लागले. तेव्हा मला कोणी टांगेवाल्याची बायको म्हणत नसे. मांडेवाली येनार शे, चूल पेटाडा, असं म्हणत. माझं म्हणून जे काही जगात होतं ते एवढंच.

मग बंगल्याचा खानसामा पळून गेला आणि मडमेने यांना विचारलं, तुमची बायको मदतीला येईल का. यांनी मला न विचारताच होकार दिला. आठ दिवस मी यांच्याशी बोलले नाही. शेवटी अटी घालून गेले. मांस शिवणार नाही, अंडं शिवणार नाही, तुमच्या ताटातलं उष्टं काढणार नाही. पीठ मळीन, चूल बघीन, भाज्या चिरीन. मडम म्हणाली, "मान्य आहे. अंडी मी फोडीन. आणि दुपारी एक तास आपण अक्षरे शिकावीत." अक्षरं मी मागितली नव्हती. पण ती शिकवायचीच. हे सगळं मी लिहिते आहे ते तिच्याच अक्षरांत, हीही एक खोड तिने मला लावून ठेवली आहे.

त्यांच्या खाण्याबद्दल काय सांगू. आम्ही खानदेशी माणसं, वांग्याच्या भरितात मिरचीचा ठेचा घातल्याशिवाय घास उतरत नाही. तिच्या स्वयंपाकघरात मिरची नव्हतीच. बटाटे उकडायचे आणि खायचे. भाजीत साखर, लोणच्यात साखर, माशावर साखर. भाकरीत गूळ, बडीशेप आणि संत्र्याची वाळवलेली साल. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मला वाटलं कोणी बाळंतीण आहे की काय. आणि वेलची. आपण वेलची श्रीखंडात घालतो, चिमूटभर, पाहुणे आले तर. ही बाई मैद्याच्या गोळ्यात मूठभर वेलची कुटून घालायची, वर लोणी, वर साखर, आणि पत्र्याच्या पेटीत खालीवर निखारे ठेवून वळलेल्या गाठी भाजायची. सगळं आवार घमघमायचं. वास चांगला असायचा, खोटं कशाला बोलू. त्याचाच मला राग यायचा. वेलची आपली आणि तोरा तिचा.

दुपारी कॉफी. ती बशीत ओतून, दातांत खडीसाखर धरून फुर्र करून प्यायची, अगदी आमच्या गावच्या नानांसारखी. आणि कॉफीबरोबर सात तऱ्हेच्या कडक खाऱ्या-गोड चकत्या ताटलीत लागायच्या. सहा झाल्या तर पाहुण्यांचा अपमान. आमच्यात सोवळं आहे म्हणून ती हसायची, पण सातवी चकती करपली तर तिचा चेहरा उतरायचा. ज्याचं त्याचं सोवळं त्याला दिसत नाही.

अक्षरं गिरवून झाली की ती मला वाक्यं सांगायची, आणि वाक्यं कसली तर तिच्या पदार्थांची. आयुष्यात मी लिहिलेलं पहिलं वाक्य "लोणी मऊ करून घ्यावे" हे आहे. माझ्या पाटीवर आणि माझ्या कणकेत ती एकाच बोटाने चुका काढायची. "हे सैल झाले, बाई." वेलांटीही सैल आणि गोळाही सैल. मला चांगलं मळता येत होतं. लहानपणापासून मळत आले होते. पण तिच्यापुढे माझे हात शिकाऊ व्हायचे.

भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी. तसंच झालं. एका नाताळाला तिच्या देशाहून पेटी आली, तिच्यात लाकडासारखा वाळलेला मासा. तो म्हणे आधी खारात भिजवायचा, मग पाण्यात, मग उकडायचा. खार मिळेना. मी पापडासाठी माहेराहून केळीच्या खुंटाची राख आणून ठेवायची, ती तिने पाहिली होती. मागितली. मी दिली. माझ्या पापडाच्या खारात तो मासा आठवडाभर फुगत पडला होता आणि घोडासुद्धा त्या बाजूला तोंड करीत नव्हता. त्या वर्षी मी पापड केले नाहीत. पण तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं.

पुढच्या वर्षी तिला पातळ भाकरीचं वेड लागलं. तिच्या आईच्या घरी वर्षातून दोनदाच भाकऱ्या व्हायच्या, घरातल्या सगळ्या बायका बसायच्या, आणि त्या भाकऱ्या सहा महिने पुरायच्या. सहा महिन्यांची शिळी भाकरी आणि तिची आठवण काढून ही बाई डोळे पुसायची. तिच्याजवळ आईचं लाटणं होतं, अंगभर बारीक खुंट्या कोरलेलं. लाटलं की भाकरीवर खळगे उमटायचे आणि ती फुगायची नाही. ते लाटणं ती फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायची. मला कधी हात लावू दिला नाही. "हे माझ्या आईचे आहे," म्हणायची. ते मला समजत होतं.

ज्वारी आणि गव्हाचं पीठ, दूध, बडीशेप. लाटायची सुरेख. पण लोखंडी तव्यावर टाकली की एकीकडे करपायची, दुसरीकडे कच्ची. तवा तिच्या भाकरीला पुरायचाच नाही. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मी माझ्या खोलीत मांडे करत होते तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली आणि खापराकडे बघत राहिली. मला तेव्हाच कळलं.

"बाई, हे भांडे मला नाताळासाठी द्यावे."

मी म्हटलं, "नाही मडमसाहेब. हे देता येत नाही."

"मी केवळ पीठ आणि दूध वापरणार. अंडे नाही."

"तरी नाही."

"हे मातीचे आहे, बाई. मातीत पवित्र आणि अपवित्र असे काय असते?"

मी म्हटलं, "तुमचं लाटणं लाकडाचं आहे. द्या मला, माझ्या मांड्यांना." ती वळली आणि निघून गेली. मला वाटलं मी जिंकले.

त्याच दिवसांत मुलीचं लग्न ठरत होतं. स्थळ तापीकाठचं, शेती बरी, मुलगा शहाणा. मुलाच्या आईचा घरात दरारा. ती बघायला आली, मुलीला चालवून बघितलं, बोलतं करून बघितलं, आणि मग माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाली, "पोर बेस शे. पन तिनी माय बंगलामा राबस. मना भाऊबंद काय म्हनतीन?"

आमचे हे खाली बघत राहिले. मीच म्हटलं, अक्का, मी तिथलं काही शिवत नाही, खात नाही. ती म्हणाली, तोंडाने कोणीही सांगेल. मग तिने अट घातली. "मांडा तुना हातना, तुनी मायना खापरवरना. मना लोके बसतीन, खातीन, तवय हयद लागी." म्हणजे हळदीआधी तिची भाऊबंदकी माझ्या हातचं खाईल, तर मी जातीत, माझी मुलगी तिच्या घरात. पंगत न खाता उठली, तर लग्न मोडलं. आणि पंगत उठलेल्या मुलीला पुन्हा कोण विचारतो, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, या. मला त्यात भीती वाटलीच नाही. मांडे तर मांडे, तेच तर मला येत होतं.

नाताळाच्या आधी मी भावाला आमंत्रण द्यायला यावलला गेले. मुलीचा मामा लग्नाला हवाच. सहा दिवस राहिले. खापर खोलीत कोनाड्यात होतं आणि मुलगी घरी होती.

परत आले, उंबऱ्यात पाय ठेवला आणि वास आला. खापर कोनाड्यातच होतं, पण चकाकत होतं. आईच्या खापराला कधी चकाकी नव्हती. बोट लावलं तर बोट ओशट झालं. मुलगी चुलीपाशी बसली होती, तिने वर पाहिलंच नाही.

मी विचारलं, "कोणी नेलं वं?"

"मडमबाईने मागितलं. म्हणाली एकच दिवस. रडत होती गं आई, तिच्या आईची आठवण काढून." आणि मग हळूच, "मला वाटलं नुसतं पीठ आणि दूध."

मी मुलीच्या थोबाडीत मारली. त्याआधी कधी मारली नव्हती. मग तशीच प्रवासाच्या लुगड्यात बंगल्यावर गेले.

मडम आनंदात होती. मला पाहून ती आत गेली आणि पांढऱ्या फडक्यात बांधलेली पातळ भाकऱ्यांची चवड घेऊन आली. भाकऱ्या चांगल्या झाल्या होत्या. कुठे करपलेल्या नाहीत, कुठे कच्च्या नाहीत. "आपल्यासाठी ठेवल्या आहेत," ती म्हणाली. "पहिल्या दोन चिकटल्या. नंतर मला आठवले, माझी आई काय करीत असे." आणि तिने कागदात गुंडाळलेला एक तुकडा काढून दाखवला. जाड, पिवळट, एका बाजूने कातड्यासारखा. "स्वोल," ती म्हणाली. त्यांच्या भाषेतलं नाव. मला कळेना, तेव्हा तिने मराठीत सांगितलं. धुराटलेल्या डुकराच्या मांसाची साल. भुसावळच्या रेल्वेतल्या एका गोऱ्या कुटुंबाने तिला नाताळाची भेट पाठवली होती. त्यांच्याकडे तव्याला तीच साल फिरवतात. "आता हे भांडे कधीही चिकटणार नाही, बाई. मी आपले काम सोपे केले."

ती खोडसाळपणा करत नव्हती. मला ते तेव्हाही कळत होतं आणि त्यानेच मी जास्त पेटले. दुष्ट माणसाला शिव्या देता येतात.

मी तिला सगळं सांगितलं. विहीण, अट, पंगत, हळद. ती ऐकत गेली तशी तिचा लाल चेहरा पांढरा पडत गेला. मग म्हणाली, "धुऊन टाकावे."

"माती धुतली जात नाही."

"मग नवीन घ्यावे. मी पैसे देते."

"विहीण मुलगी बघायला आली तेव्हा तिने ते खापर पाहिलं आहे. टवका पाहिला, तार पाहिली. माझ्या आईचंच हवं आहे तिला."

"तर मी स्वतः त्या बाईंकडे जाईन. अपराध माझा आहे, असे सांगेन."

तेव्हा मला तिचे पाय धरावे लागले. खरंच धरले. जिच्या ताटाला मी कधी हात लावला नव्हता तिचे पाय. म्हटलं, एक शब्द कुठे काढू नका, माझ्या पोरीचं वाटोळं होईल. ती मला उठवू लागली, आणि तरी म्हणाली, "मी आपण होऊन काही सांगणार नाही. परंतु मला कोणी विचारले तर मी असत्य बोलणार नाही. ते मला शक्य नाही, बाई." असं तिचं सोवळं. त्या भाकऱ्यांची चवड मी तिथेच टाकून आले.

लग्नाला दीड महिना होता. मी कुंभाराकडून नवं खापर आणलं, तशीच तार बांधली, काठाला टवकाही उडवला. तिसऱ्या दिवशी आचेवर ते मधोमध तडकलं. दुसरं आणलं. त्याला मांडा असा चिकटला की सोलून काढावा लागला. खापर जुनं व्हायला वर्षं लागतात, माझ्याजवळ दिवस होते. शेवटी दुपारी सगळे बाहेर असताना आईचं खापर गोवऱ्यांच्या खाईत घातलं आणि लाल होईपर्यंत भाजलं. चरबी जळाली, चकाकी गेली, वास गेला. पण नियम मला पाठ होता. मातीचं बाटलं तर फोडायचं. मी फोडलं नाही.

लग्न गावातल्या दिराच्या अंगणात होतं. यांनी मडमेला आमंत्रण दिलं होतं, ज्यांचं मीठ खाल्लं त्यांना कसं टाळायचं म्हणून. यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मी आणि मुलगी, दोघींनाच ठाऊक होतं. मुलगी हळदीच्या पाटाची वाट बघत कोपऱ्यात बसली होती आणि माझ्या हातांकडे बघत होती.

पहिला मांडा देवाचा असतो. तो मी आधीच लोखंडी तव्यावर करून झाकून ठेवला होता आणि तोच देवापुढे ठेवला. माणसांना फसवायची माझी तयारी होती, देवाला फसवायची हिंमत नव्हती.

विहीणबाई पाट ओढून थेट माझ्या चुलीसमोर बसली. तिने काठाचा टवका पाहिला, तारेवर बोट फिरवलं. मान हलवली. मी पीठ हातावर घेतलं. हात थरथरतील असं वाटलं होतं, पण हात माझे होते, ते कधी दगा देत नाहीत. मांडा कोपरापर्यंत आला, खापरावर पडला, सुटून आला. दुसरा. तिसरा. पंगत मांडली गेली. भाऊबंद बसले, पण कोणी ताटाला हात लावेना. सगळे विहिणीकडे बघत होते.

त्याच वेळी टांगा आला. मडम उतरली आणि अंगणाच्या कडेला उभी राहिली.

विहीणबाई उठली, तिच्यासमोर गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मडम, खरं सांग. ह्या खापरवर तुमनं खानंपिनं व्हयेल शे का?"

माझ्या हातावर मांडा होता. तो मी तसाच धरून राहिले. मडमेने माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या मुलीकडे. मग तिने हात जोडले आणि बोलू लागली. मराठीत नाही. तिच्या स्वतःच्या भाषेत. बराच वेळ बोलली, सावकाश, पाठ केलेलं काही म्हणावं तशी, डोळ्यांतून पाणी येत होतं. मधे एकदा मी "स्वोल" हा शब्द ऐकला. मग कळलं की ती सगळं सांगते आहे. मागितलं, दिलं नाही, मी नसताना नेलं, काय फासलं, सगळं. भर मांडवात खरं सांगत होती, आणि ऐकणाऱ्यात एकालाही कळत नव्हतं.

ती थांबली. विहीण माझ्याकडे वळली. "काय म्हननी ती?"

सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. मी म्हटलं, "आशीर्वाद देते आहे. म्हणते, मी या खापराला कधी हात लावला नाही, मला या बाईने लावू दिला नाही."

मडमेला मराठी येत होती. तिने ते ऐकलं आणि मान खाली घातली.

विहीण पंगतीकडे वळून म्हणाली, "बसा, खा." आणि लोक खाऊ लागले. मागून मागून खाल्लं. कोणीतरी आबा म्हणाले, असा मांडा वीस वर्षांत तोंडात पडला नाही. मुलीला हळद लागली.

तेव्हा मी मडमेचे आभार मानायला हवे होते असं तुम्ही म्हणाल. मला मात्र त्या दिवशी तिचा जेवढा संताप आला तेवढा आधी कधीच आला नव्हता. ती खरं बोलून मोकळी झाली. खोटं माझ्या पदरात टाकलं, तेही माझ्या मुलीच्या हळदीच्या दिवशी, आणि स्वतः कोरडी राहिली.

पण खरा घाव पुढे होता. मी ठरवलं होतं की त्या खापरावरचं आपण खायचं नाही, उपास सांगायचा. ते मी विसरले की विहिणी एकमेकींना घास भरवतात. पंगत उठल्यावर विहीणबाईने मांड्याचा तुकडा तुपात बुडवून माझ्या तोंडाशी आणला. म्हणाली, "मनी माय बी असा मांडा नही करे." मुलगी बघत होती. मी तोंड उघडलं.

मी वाट बघत होते. वाटलं, घशाशी येईल, वांती होईल, निदान तो वास तरी लागेल. काही झालं नाही. मांडा चांगला झाला होता. आजवर केलेल्या सगळ्यांत चांगला. पुरण विरघळलं, कडा खुसखुशीत, आणि माती काहीही बोलली नाही. आईने सांगितलेलं सगळं एका घासात खोटं पडलं, आणि ते मला त्या बाईमुळे कळलं. हे मला कळायला नको होतं. खापर बाटलं याबद्दल मी तिला एखादवेळी माफ केलं असतं. बाटूनही काही झालं नाही, याबद्दल नाही.

दुसऱ्या दिवशी मी पांझरेवर जाऊन खापर दगडावर आपटून फोडलं. त्यानंतर कोणाच्या लग्नात मांडे केले नाहीत. लोकांना वाटलं मुलीसाठी नवस बोलले असेन. बंगल्यातही परत गेले नाही, आणि थोड्या दिवसांनी यांनीही दुसऱ्याचा टांगा धरला.

त्याच वर्षी मडम आपल्या देशाला निघून गेली. खापर फोडल्याचं तिला यांच्याकडून कळलं असणार, कारण जाण्याआधी तिने एक गाठोडं पाठवलं. आत तिच्या आईचं खुंट्यांचं लाटणं होतं आणि एक चिठ्ठी, मला वाचता यावी म्हणून मोठ्या अक्षरांत. "बाई, हे माझ्या आईचे आहे. आपण हे फोडावे."

लाकडाचं लाटणं, सुकलेलं, चुलीत घातलं असतं तर क्षणात पेटलं असतं. तिचीही आई गेली असती, माझीही गेली होती, फिटंफाट झाली असती. तेच तिला हवं होतं. म्हणून मी ते जाळलं नाही. ते अजून माझ्या पेटीत आहे, फडक्यात गुंडाळलेलं. दरवर्षी दिवाळीला बाहेर काढते आणि कीड लागू नये म्हणून त्याला तेल लावते.